उड्डाणाची तालीम

बारावीचा निकाल लागला की कोल्हापूरजवळच्या आमच्या कोडोलीतल्या एखाद्या तरी घरातून विचारणा येते. "सर, पोरगी पायलट व्हायचं म्हणतीया. किती खर्च येईल?" विचारणाऱ्या बापाच्या मनात उसाचं बिल, शेताचा तुकडा आणि बँकेचं कर्ज यांचा हिशोब आधीच सुरू झालेला असतो. मी आकडा लगेच सांगत नाही. आधी डोळे तपासून घ्या, रंग नीट ओळखता येतात ना ते बघा आणि पोरीला चाळीस तास सिम्युलेटरवर बसू द्या, एवढंच सांगतो. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हा लाखो रुपयांचा मामला आहे. पण त्यातली पहिली पायरी कॉलेजच्या प्रयोगशाळेत किंवा घरच्या संगणकावर चढता येते. ती नीट चढली तर पुढचा पैसा आणि मनस्ताप दोन्ही वाचतात.

हे चाळीस तास कसे घालवायचे, ते सांगण्यासाठी हा लेख.

सिम्युलेटर म्हणजे गेम, ही समजूत आधी काढून टाका. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवण्याचा कारखाना होता. विमान शिकणं त्याला परवडेना, तेव्हा त्याने कारखान्यातले भाते घेऊन एक बुटकं, पंखांचं खोकं बनवलं. हवा भरली-सोडली की ते खोकं झुकायचं, वळायचं, नाक वर-खाली करायचं. ही १९२९ची गोष्ट. आपल्याकडे संगीत नाटकात ज्याच्या सुरांवर पदं रंगली, त्या ऑर्गनच्या भात्यानेच वैमानिकांची पहिली शाळा चालवली, याचा मला फार आनंद वाटतो. सुरुवातीला जत्रांतली करमणूक म्हणूनच लोकांनी त्याकडे पाहिलं. पण १९३४ साली अमेरिकी लष्कराकडे टपाल वाहतुकीचं काम आलं आणि खराब हवेत, नुसत्या उपकरणांवर उडण्याची सवय नसलेले वैमानिक एकामागून एक मरू लागले. त्यानंतर लष्कराने लिंकची खोकी विकत घेतली. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत अशी दहा हजारांहून अधिक यंत्रं तयार झाली होती.

आता आपल्याकडचं बघू. कोडोलीहून फार लांब न जाता विमान अभियांत्रिकी शिकायची तर आष्ट्याचं अण्णासाहेब डांगे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, अतिग्र्याचं संजय घोडावत विद्यापीठ आहे. मुंबईच्या आयआयटीत एरोस्पेस विभाग आहे. कानपूरच्या आयआयटीत तर स्वतःची धावपट्टी आणि विमानं असलेली उड्डाण प्रयोगशाळा आहे. तिथं विद्यार्थ्यांना खऱ्या विमानात बसवून वेग, चढ आणि स्थैर्य यांची मोजमापं घ्यायला लावतात. प्रवेश घेण्याआधी कुठल्याही संस्थेत स्वतः जाऊन सिम्युलेटर बघा. माहितीपत्रकातल्या फोटोवर जाऊ नका. सिम्युलेटर चालू आहे का, एका विद्यार्थ्याच्या वाट्याला सत्रात किती तास येतो, शेजारी बसून शिकवणाऱ्याने स्वतः कधी विमान उडवलं आहे का, असं थेट विचारा. वर्षातून एकदा रांगेत उभं राहून पाच मिनिटं बसायला मिळणार असेल, तर त्या यंत्राचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. त्यापेक्षा घरचा संगणक बरा.

घरी किंवा कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेत फार काही लागत नाही. फ्लाइटगिअर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि बेताच्या संगणकावर चालतं. एक्स-प्लेन आणि मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर अधिक देखणे आहेत, पण त्यांना ताकदीचा संगणक लागतो. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरला तर जमिनीची चित्रं उतरवायला चांगलं इंटरनेटही हवं. कीबोर्डवर मात्र शिकू नका. कळ दाबणं आणि दांडा हळूहळू ओढणं यांत फार फरक आहे, आणि इथं सगळा खेळ त्या हळूहळूचा आहे. एक जॉयस्टिक घ्या, जमल्यास पायांसाठी रडर पेडल. यंत्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स शाखेच्या मुलांना पेडल स्वतः बनवता येतात: लाकडी फळी, दोन बिजागऱ्या, स्प्रिंगा, फिरवायचे रोधक आणि एक छोटं कंट्रोलर कार्ड. वीज जाते त्या वेळेचा विचार करून संगणक इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर उतरता उतरता पडदा काळा होतो.

विमान निवडायचं ते सेसना १७२. जगभरातल्या उड्डाणशाळांत पिढ्यान्‌पिढ्या लोक याच विमानावर शिकत आले आहेत. पहिल्याच दिवशी एअरबस उघडून बसणारी मुलं मी पुष्कळ पाहिली. ती बटणांची नावं पाठ करतात, स्वयंचलित यंत्रणेला विमान उडवायला लावतात आणि सहा महिन्यांनी साध्या विमानात सरळ रेषेत पाच मिनिटं जाऊ शकत नाहीत.

सरळ रेषेत जाणं, हाच पहिला धडा. ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण माझ्या मते चाळीसातले सहा तास त्यावर घालवले तरी ते वाया जात नाहीत. विमान ४,५०० फुटांवर ठेवा, इंजिन मिनिटाला २,३०० फेऱ्यांवर. वेग १०० नॉटच्या आसपास स्थिरावेल. आता समोरच्या काचेतून क्षितिज बघा: विमानाचं नाक क्षितिजाच्या किती बोटं खाली आहे? ती जागा लक्षात ठेवा. नाक तिथं असलं आणि इंजिन तेवढंच असलं की उंची आणि वेग आपोआप तेच राहतात. नाकाची स्थिती आणि इंजिनाची ताकद, या दोहोंतून विमानाचं वागणं ठरतं. बाकीची उपकरणं ते बरोबर जमलंय का, एवढंच सांगतात.

मग ट्रिम. दांडा धरून हात ताठत असेल, तर ट्रिमचं चाक फिरवून तो ताण काढून टाकायचा, अगदी हात सोडला तरी नाक जागचं हलू नये इतका. नवशिक्याची खूण हीच की तो ट्रिम विसरतो आणि सगळा वेळ दांड्याशी झोंबत बसतो. घरच्या जॉयस्टिकला खऱ्या दांड्याइतका जोर लागत नाही, त्यामुळे ट्रिमची गरज हाताला जाणवत नाही. म्हणून ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते: आधी नाक जागेवर, मग इंजिन, मग ट्रिम. हा क्रम तोंडाने मोठ्याने म्हणत करा. महिनाभराने हात बसतो.

यात सगळ्यात मोठा धोका नजरेचा आहे. पडद्यावर उपकरणं ठळक दिसतात आणि बाहेरचं जग बारीक, म्हणून सिम्युलेटरवर शिकलेला माणूस सुयांकडे टक लावून बसतो. सुई हलली की दांडा हलवतो, सुई उलटी गेली की परत हलवतो, आणि विमान लाटांवर चढल्यासारखं वर-खाली होत राहतं. खऱ्या विमानात गेल्यावर ही सवय मोडायला प्रशिक्षकाला फार त्रास होतो, आणि तो त्रास तुमच्या पैशातून होतो. याला उपाय सोपा. जाड कागद कापून पडद्यावरची उपकरणं झाका आणि पंधरा मिनिटं फक्त क्षितिज बघून उडा. मग कागद काढा आणि किती चुकलात ते बघा. पन्नास फुटांच्या आत असलात तर पुढच्या धड्याला जा.

विद्यापीठात उड्डाणगतिकी शिकणाऱ्यांसाठी इथंच एक सुंदर प्रयोग आहे. ट्रिम केलेल्या विमानाचं नाक थोडं वर उचला, वेग दहा नॉटने घटू द्या आणि हात सोडा. विमान स्वतःच नाक खाली घालेल, वेग वाढेल, मग पुन्हा वर येईल, आणि असं संथ हेलकावत राहील. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने या हालचालीला फ्युगॉइड असं नाव दिलं. पुस्तकातल्या ढोबळ सूत्राने १०० नॉटला, म्हणजे सेकंदाला ५१ मीटर वेगाला, एका हेलकाव्याला सुमारे २३ सेकंद लागायला हवेत. घड्याळ लावून मोजा आणि फरक का पडला ते वहीत लिहा. फळ्यावरचं समीकरण आणि हातातला दांडा यांची गाठ पडते ती अशा वेळी, आणि मला वाटतं विद्यापीठातल्या सिम्युलेटरचं खरं मोल यातच आहे.

पुढचे धडे झटपट सांगतो. ३० अंश झुकून वळणं, उंची न गमावता, दोन्ही बाजूंना. ७४ नॉटला चढ. इंजिन कमी करून ९० नॉटला उतार. मग मंद गतीचं उड्डाण आणि स्टॉल: पंखांमागचे फ्लॅप न लावता हे विमान ४८ नॉटच्या आसपास हवा धरेनासं होतं. अशा वेळी नाक खाली जात असलं तरी दांडा आणखी पुढेच ढकलायचा आणि मग पूर्ण ताकद द्यायची. मन याला तयार होत नाही. जमीन समोर येत असताना दांडा मागे ओढावा असंच वाटतं, आणि तसं ओढूनच माणसं प्राण गमावतात. हा डाव इथं पन्नास वेळा करून घ्या. वारणानगरच्या मैदानात उतरणारा पैलवान नवा डाव मैदानात शिकत नाही, तो तालमीच्या मातीत घोटवून आलेला असतो.

आता उतरणं. हा विषय सगळ्यांना पहिल्या दिवशीच हवा असतो. मलाही हवा होता. विद्यापीठात असताना मी सुरुवातीचे तीन महिने फक्त उतरण्याचा सराव केला आणि काहीच शिकलो नाही; प्रत्येक वेळी विमान वेगळ्या वेगाने आणि वेगळ्या उंचीवरून धावपट्टीशी यायचं. आमच्या शिक्षकांनी मला महिनाभर उतरायची बंदी केली आणि सरळ उडायला लावलं. तेव्हा रडू आलं होतं. पण नीट उतरणं हे धावपट्टीशी नीट येण्यातून आपसूक घडतं, हे मला त्या बंदीनेच शिकवलं.

सरावाला आपलाच, कोल्हापूरचा विमानतळ घ्या. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झालेला हा उजळाईवाडीचा विमानतळ आज त्यांचंच नाव घेऊन उभा आहे. सिम्युलेटरमध्ये व्हीएकेपी हा त्याचा संकेत टाका. तो समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फूट उंच आहे, म्हणून धावपट्टीभोवतीची चौकोनी फेरी ३,००० फुटांवर मारायची. पश्चिमेचा वारा असेल तर २५ क्रमांकाच्या धावपट्टीवरून पश्चिमेकडे तोंड करून उडायचं. ५५ नॉटला नाक उचला, चढा, वळा, धावपट्टीला समांतर उलट दिशेने या. धावपट्टीचं तोंड पंखाशी आलं की इंजिन कमी, फ्लॅपची पहिली पायरी. दोन वळणं घेऊन समोर आलात की वेग ६५ नॉट, ना कमी ना जास्त. धावपट्टीशेजारचे चार दिवे दोन पांढरे, दोन लाल दिसले तर उतार बरोबर आहे. मनात एक हिशोब ठेवा: वेगाला पाचाने गुणलं की मिनिटाला किती फूट उतरायचं ते कळतं. ७० नॉटला ३५० फूट.

जमीन दहा-पंधरा फुटांवर आली की नजर धावपट्टीच्या पार पलीकडच्या टोकाला न्या. नांगरट करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. तो समोरच्या बांधावर नजर ठेवतो म्हणून तास सरळ जातो, चाकाकडे बघत बसला तर वाकडा जातो. लांब बघत दांडा हळूहळू मागे घ्या आणि विमानाला तरंगू द्या, ते दमून खाली बसेपर्यंत. पडद्यावर खोली नसल्याने हे शेवटचे दहा फूट सिम्युलेटर कधीच पूर्ण शिकवू शकत नाही. तिथं विमान आपटलं तर खंत करू नका. खंत करायची ती ६५ ऐवजी ७८ नॉटने आल्याची.

एक प्रयोग उन्हाळ्याचा करा. तापमान ३८ अंश ठेवा आणि तीच फेरी मारा. २,००० फुटांवर प्रमाण तापमान ११ अंश धरतात. वरच्या प्रत्येक अंशाला साधारण १२० फूट धरले तर २७ अंशांचे ३,२४० फूट होतात, म्हणजे मे महिन्याच्या दुपारी उजळाईवाडी विमानाला ५,२०० फुटांवर असल्यासारखी वाटते. हवा विरळ, धाव लांब, चढ मंद. पडद्यावर हे स्पष्ट दिसतं आणि एकदा पाहिलं की विसरत नाही.

पावसाळ्याचा प्रयोग त्याहून महत्त्वाचा आहे. आषाढात पन्हाळा ढगात बुडतो ते आपण कोडोलीतून बघतोच. अशा ढगात विमान शिरलं तर काय होतं ते ऐका. १९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचं शिक्षण न झालेल्या २० जणांना खऱ्या विमानात बाहेरचं काही दिसू नये अशी व्यवस्था करून उडवलं. सगळ्यांचाच ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. मग त्यांना सावकाश मागे वळण्याची एक ठरावीक पद्धत शिकवली, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ते सुखरूप बाहेर आले. तुम्हीही ती घोटवा: ढगात शिरलात की घाबरून दांडा ओढायचा नाही, कृत्रिम क्षितिजावर नजर, पंख १५ अंश झुकवा, एक मिनिट मोजा, पंख सरळ करा. ९० नॉटला एवढ्यात विमान बरोबर उलट दिशेला वळतं. कानातला तोल खऱ्या ढगात माणसाला फसवतो, ती फसवणूक खुर्चीत बसून अनुभवता येत नाही. हातांचा क्रम मात्र इथंच पक्का करता येतो.

मराठी माध्यमातली मुलं रेडिओवरच्या इंग्रजीला घाबरतात. त्यांना मी सांगतो की ही भाषा साहित्याची नाही, मोजक्या दोन-तीनशे शब्दांची आहे. आपण कोण, कुठे आहोत, किती उंचीवर, काय हवंय, या क्रमाने बोलायचं आणि मिळालेली सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. भारतातल्या विमानांची नावं व्हिक्टर टँगोने सुरू होतात. अल्फा, ब्राव्हो, चार्लीपासून सगळी अक्षरं आठवड्यात पाठ होतात. एका मैत्रिणीला नियंत्रक करा आणि प्रत्येक फेरीला तोंडाने बोला.

आता नियमांचं. घरच्या चाळीस तासांतला एकही तास परवान्यात धरला जात नाही. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातल्या उपकरणांवरच्या १० तासांपैकी जास्तीत जास्त ५ मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर चालतात. कुणी सिम्युलेटरचं प्रमाणपत्र देऊन पायलटची नोकरी मिळवून देतो म्हणाला, तर त्याला एक रुपयाही देऊ नका. विद्यार्थी परवाना वयाच्या सोळाव्या वर्षी आणि व्यावसायिक अठराव्या वर्षी मिळू शकतो. आजवर त्याला भौतिकशास्त्र आणि गणितासह बारावी लागत आली आहे. फी भरण्याच्या दिवशीचा नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. वैद्यकीय तपासणी त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडेच करून घ्या आणि ती सगळ्यात आधी. रंगांधळेपणा सिम्युलेटरवर कळत नाही. पैसे नसतील तर एनसीसीच्या हवाई शाखेची चौकशी करा, तिथं छात्रांना छोट्या मायक्रोलाइट विमानांतून उडवतात.

चाळीसच तास का, असंही विचारतात. स्टॅन्ली रॉस्को यांनी १९७१ साली दाखवलं की सिम्युलेटरचे पहिले तास खऱ्या विमानातला बराच वेळ वाचवतात आणि पुढचा प्रत्येक तास आधीपेक्षा कमी वाचवतो. चारशे तास खेळून चुकीच्या सवयी मुरवण्यात अर्थ नाही. एका बैठकीला पाऊण तास, एकच धडा, आणि वहीत तारीख, वारा, काय चुकलं याची नोंद. मला कुणाची तयारी बघायची असेल तर मी आधी ती वही मागतो.

शेवटचे तास आपल्या गावाला द्या. कोडोलीवर ४,५०० फुटांवर विमान ठेवा. उजळाईवाडी तिथून १६० अंशांच्या दिशेला साधारण १४ नॉटिकल मैलांवर आहे. ९० नॉटने नऊ मिनिटं आणि थोडी सेकंदं. नकाशावर पेन्सिलने रेघ मारा, जीपीएस बंद करा, घड्याळ सुरू करा. साडेतीन मिनिटांच्या आत जोतिबाचा डोंगर उजव्या हाताला, तीन मैलांवर दिसला पाहिजे. सहा मिनिटांनंतर शिरोलीजवळ पंचगंगा आणि तिच्यावरचा महामार्गाचा पूल. मग महामार्ग उजवीकडे ठेवत पुढे. एकदा शांत हवेत जमलं की पश्चिमेचा २० नॉट वारा लावा. दिशा न बदलता गेलात तर नवव्या मिनिटाला तुम्ही धावपट्टीच्या तीन मैल पूर्वेला असाल. नाक १२ अंश वाऱ्याकडे, म्हणजे १७२ अंशांवर ठेवून गेलात तर समोर धावपट्टी उभी राहील. दोन्ही प्रकारे जाऊन बघा, आणि पूल कितव्या मिनिटाला आला ते वहीत लिहायला विसरू नका.